मुक्कामी चूक

“मॅडम, तुम्हाला आमची किळस येते का?”

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पैज मिसबाह तडवी आणि नियती वारके या दोघींची. “हल्ली फार बोलतेस ना चारचौघांत, मग हे विचारून दाखव,” मिसबाह म्हणाली होती. नियतीने आणखी डिवचलं, “नाही विचारायची शर्वी. तिचे पप्पाच आहेत त्या अभियानात.” झालं. पप्पांचं नाव निघालं की मी काहीही करायला तयार होते.

दहावी ब, तिसरा तास, गणित. झांबरे मॅडम बाकांमधून फिरत वह्या तपासत होत्या. त्यांची ही तपासणी आम्ही दिवाळीनंतर दीड महिना बघत होतो. डाव्या हातात रुमाल, रुमालात कापूर, रुमाल नाकाशी. उजव्या हातात फूटपट्टी. वहीचं पान बोटाने उलटायचं नाही, पट्टीने उलटायचं. मेलेलं झुरळ खरंच मेलंय का ते आपण जसं बघतो, तसं. चूक दिसली की मान दुसरीकडे करून एक लाल फुली आणि लगेच पुढची वही. प्रज्योतची लागोपाठ तीन गणितं चुकली होती तेव्हा तर त्या व्हरांड्यात गेल्या, कठड्याला धरून वाकल्या आणि घशातून असा आवाज आला की पुढच्या बाकावरच्या मुलींनी त्या दिवशी डबेच उघडले नाहीत.

मी विचारलं. कुणाचातरी कंपास खाली पडला.

“कोणी सांगितलं विचारायला?” मॅडम म्हणाल्या.

“कोणी नाही. मीच विचारतेय.”

“मग मागच्या दोघी बाकाखाली काय शोधतायत?”

सगळे हसले. मॅडम पण अर्ध्या हसल्या, फार दिवसांनी. मग रुमाल नाकावरून काढून म्हणाल्या, “तुमची नाही येत. तुमच्या चुकांची येते.” आणि हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं, “मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत ये.” एवढं बोलून त्या समोरच्या पडद्याकडे गेल्या आणि पडदा पुसू लागल्या. पडद्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मॅडम आधी कशा होत्या ते सांगितल्याशिवाय यातली घाण कळणार नाही.

आमच्या वर्गात समोर मोठा पडदा आहे, सगळ्या वर्गांत असतो तसा. पण बाजूच्या भिंतीवर एक जुना काळा फळा आहे. बाकीच्या वर्गांतले असे फळे भंगारात गेले, हा मॅडमनी जाऊ दिला नाही. त्याच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलंय, ‘मुक्कामी चूक’. शेवटची एसटी गावात मुक्कामाला थांबते ना, तशी. मॅडम म्हणायच्या, नुसती येऊन जाणारी गाडी कुणाच्या लक्षात राहत नाही, मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरचं नाव मात्र अख्ख्या गावाला माहीत असतं. तर दर सोमवारी आदल्या आठवड्यातली सगळ्यात झकास चूक त्या फळ्यावर जायची, खाली मालकाचं नाव. शनिवारपर्यंत ती कुणी पुसायची नाही. जाता येता कुणालाही तिच्याखाली काही लिहायची मुभा. आणि शनिवारी मालकाने उभं राहून सांगायचं, माझी चूक कुठपर्यंत बरोबर चालली होती आणि कुठल्या फाट्यावर वळली.

नववीत आले तेव्हा मी इतकी मुकी होते की हजेरीला माझं ‘हजर’ ऐकू न गेल्याने दोनदा माझी गैरहजेरी लागली होती. जुलैमध्ये मी अ अधिक ब, त्याचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग असं लिहिलं. मॅडम वही बघून चक्क खूश झाल्या. सोमवारी फळ्यावर माझी चूक, खाली ‘शर्वी बोंडे’. मला वाटलं, शाळाच सोडावी. पण मग येणारे-जाणारे खाली लिहायला लागले. कुणी लिहिलं, तीन आणि चार घालून बघ. मी घातले. सातचा वर्ग एकोणपन्नास, माझं उत्तर पंचवीस. चोवीस गेले कुठे? शुक्रवारी मॅडमनी मला व्हरांड्यातल्या फरशांवर खडूने सात बाय सातचा चौकोन आखायला लावला. त्यात तीनचा चौकोन, चारचा चौकोन. आणि उरलेल्या जागेत दोन आयत, बारा बारा फरशांचे, कधीपासून वाट बघत असल्यासारखे पडलेले. शनिवारी मी उभी राहिले आणि वीस मिनिटं बोलले. मला थांबवावं लागलं. तेव्हापासून मी थांबलेलेच नाही, असं मम्मी म्हणते.

आता अभियान.

नाव ‘अचूक’. माध्यमिक शाळांतल्या सगळ्या गणित शिक्षकांचं पुनर्प्रशिक्षण. यात मुळात वाईट काही नव्हतं, कारण शिक्षकांची प्रशिक्षणं कशी व्हायची ते सगळ्यांना माहीत आहे. तीन दिवस हॉल, चहा, गटचर्चा, ग्रुप फोटो, आणि चौथ्या दिवशी वर्गात परत पहिले पाढे. डोक्याला कितीही शिकवा, सवय बदलत नाही. म्हणून कुणीतरी हुशार माणसाने ठरवलं, डोकं सोडा, पोटाला शिकवू.

विज्ञान असं आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. डोकं हललं की तो द्रव हलतो आणि मेंदूला कळतं, आपण हललो. कानामागच्या हाडावर छोटी चकती लावून अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडला, तर द्रव न हलताच मेंदूला निरोप जातो की आपण हलतोय. डोळे म्हणतात, छे, आपण खुर्चीत बसलोय. दोन निरोप जुळत नाहीत. मेंदू फार जुना आहे, त्याला चकत्या माहीत नाहीत. तो समजतो, अंगात विष गेलंय म्हणून गरगरतंय, आणि विष बाहेर काढायच्या तयारीला लागतो. घाटात गाडी लागते ती अशीच.

दुसरा भाग पोटाच्या आठवणीचा. सहावीत मी यात्रेत पिस्त्याची कुल्फी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी ताप येऊन उलट्या झाल्या. ताप साथीचा होता, अख्ख्या गल्लीला आला होता, कुल्फीचा काही संबंध नव्हता. मला हे शंभर टक्के पटलंय. तरी आजही तो फिका हिरवा रंग दिसला की माझ्या पोटात ढवळतं. म्हणजे पोट हे वर्गातलं सगळ्यात ढ पोर आहे. एक उदाहरण बघतं आणि कायमचा नियम करून टाकतं. चवीसाठी एकदाच पुरतं, डोळ्यांनी बघायच्या गोष्टीला जास्त वेळा लागतं. अभियानवाल्यांनी प्रमाण काढलं होतं, दिवसाला साठ वेळा, एकवीस दिवस. पडद्यावर शिक्षकाची वाईट सवय दाखवायची, त्याच क्षणी चकती चालू. एकवीस दिवसांनी चकती काढली तरी काम झालेलं असतं.

आणि वाईट सवयी ठरवल्या कोणी? यंत्राने. मी पहिलीत असताना वर्गावर्गांत कॅमेरे लागले. त्यांचं चाळीस हजार तासांचं चित्रण यंत्राला दिलं, सोबत त्या वर्गांचे निकाल दिले, आणि विचारलं, कमी निकालाच्या वर्गांत काय जास्त दिसतं? यंत्राची यादी आली. यादीत पहिला नंबर, ‘चुकीचे उत्तर फळ्यावर तीन मिनिटांपेक्षा जास्त काळ राहणे’.

मॅडम दिवाळीच्या सुट्टीत गेल्या आणि एकवीस दिवसांनी परत आल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी मुक्कामी फळ्यावर वर्तमानपत्रं चिकटवली.

आता खरं सांगते, मला सुरुवातीला हे सगळं बरंच वाटलं होतं. वर्गाची सरासरी बावन्नवरून त्रेसष्टवर गेली. पालकसभेत टाळ्या पडल्या. पप्पा तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी, अभियान तालुक्यात त्यांच्याकडेच, त्यामुळे त्यांना शाल मिळाली. ती त्यांनी घरी आल्यावरही तासभर अंगावरून काढली नाही. आणि मग दुसरा टप्पा जाहीर झाला, विद्यार्थ्यांचा. चकती लावून पंधरा दिवस, की हातून निष्काळजी चूक होणारच नाही. चुकीची पायरी लिहायला गेलं की पोट आधीच सांगणार. तालुक्यातून पहिलं नाव माझं. पप्पांची सही झालेली. चौदा वर्षांवरच्या मुलांची स्वतःचीही सही लागते, म्हणून फॉर्म फ्रीजवर लोहचुंबकाखाली लटकत होता, सोमवारपर्यंत. आणि मला सही करायची होती. बोर्डात शंभर पडले असते. कोणाला नको असतात?

तर मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले. तिथे फॉर्मॅलिनच्या बाटलीत एक बेडूक आहे, आमच्या पप्पांच्या वयाचा असेल, त्याचं पोट सुटून बाटलीला चिकटलंय. मॅडम त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. बेडकाकडे बघून त्यांना काही होत नव्हतं.

“बस. विचारलंस ते बरं केलंस. दीड महिन्यात कुणी विचारलं नव्हतं.”

“पैज होती मॅडम,” मी म्हटलं. खोटं बोलवेना.

“असू दे. पैजेवर का होईना.” मग त्यांनी तिथलं सगळं सांगितलं. जिल्ह्याच्या गावी हॉल, चाळीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशी एक हिरवी टोपली, टोपलीला पिशवी. बोट लागणं म्हणजे काय ते मॅडमनी नुसतं वाचलं होतं, तिथे कळलं. तिसऱ्या दिवसापासून वासाने दारातच पाय अडायचे. शिवाय मागे संथ बासरी लावलेली, आणि एक बाई हसऱ्या आवाजात सांगायची, ‘दीर्घ श्वास घ्या, हा तुमचा नवा जन्म आहे’. दहाव्या दिवसापासून चकतीची गरजच राहिली नाही. “शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं मिळाली. त्यावर तारीख एकतीस नोव्हेंबर छापलेली. चाळीसच्या चाळीस जण गेटपाशी पुन्हा ओकलो.”

मला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाज वाटली. मॅडम मात्र हसत होत्या.

“तुम्ही गेलात कशाला?”

“कुणी ओढून नेलं नाही. सही केली मी. वाटलं, नवीन काहीतरी शिकायला मिळेल. शिकायचं म्हटलं की मला राहवत नाही, माहितीय ना तुला.” त्यांनी मला व्हाइटबोर्डचं पेन दिलं. “एक चूक लिही. छोटीशी. मला बघायचंय, किती वेळ बघता येतं.”

मी तिथल्या बोर्डवर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन, बरोबर दोन छेद पाच.

मॅडमनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. डोळे पाण्याने भरले, पण हटवले नाहीत. “ही चूक मला माहितीय,” त्या भराभर बोलायला लागल्या, “फार सुंदर आहे ही, शर्वी. समज, तू पहिल्या दिवशी दोनदा नेम धरलास, एक लागला. दुसऱ्या दिवशी तीनदा धरलास, एक लागला. मग एकूण पाचात दोन. म्हणजे ही चूक नाहीच, हे दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर…”

पुढचं बेसिनमध्ये गेलं. सगळं. सकाळचे पोहे होते, शेंगदाण्यांसकट. आंबट वास फॉर्मॅलिनच्या वासात मिसळला आणि माझ्याही तोंडाला कडू पाणी आलं. मी एका हाताने बोर्ड पुसला, दुसऱ्या हाताने नळ सोडला, मॅडमच्या पाठीवर तिसरा हात कुठून आणू असं मला झालं. त्या तोंड धुताना म्हणाल्या, “सॉरी.” मला. माझ्या मॅडम मला सॉरी म्हणाल्या. त्या क्षणी मला जी शिसारी आली ती उलटीची नव्हती.

त्या परत स्टुलावर बसल्या. “तुम्हा मुलांचं एक वेळ ठीक आहे, गुण वाढले. पण माझी एक डायरी होती. रोज चहा घेताना एखादं अवघड गणित घेऊन बसायचे. तीन तीन महिने सुटायचं नाही. वीस वाटा चुकायच्या तेव्हा एक सापडायची. आता पहिली वाट चुकली की पोट वर येतं, आणि मी डायरी मिटते.” त्यांनी रुमालाची घडी केली, उलगडली, परत केली. “आता मी फक्त मला येतात तीच गणितं सोडवते.”

घंटा झाली.

“मी सही करू नको का मग?” मी विचारलं.

“ते मी सांगणार नाही. माझ्या पोटात दुसऱ्याचं म्हणणं घातलंय, ते तुझ्या पोटात कशाला घालू?”

घरी आले तेव्हा साडेपाच झाले होते. पप्पा आंघोळीला गेले होते आणि त्यांचा टॅब दिवाणावर होता. पासवर्ड माझी जन्मतारीख, त्यामुळे चोरी म्हणता येणार नाही. अभियानाच्या फोल्डरमध्ये ‘पालकांसाठी नमुने’ होते. पहिल्या नंबरच्या वाईट सवयीच्या सोळा क्लिपा. यंत्राने सगळ्यात हानीकारक म्हणून निवडलेल्या.

पहिल्या क्लिपमध्ये फळ्यावर सात आठे चोपन्न. एक मुलगा बाकावर झोपलाय, दोघं कुस्ती खेळतायत. दुसऱ्या क्लिपमध्ये फळ्यावर चुकलेला भागाकार आणि एक शेळी. खरी शेळी, दारातून आत आली, टेबलावरचा हजेरीचा कागद खाल्ला आणि गेली. तिला हाकलायला कुणी आलं नाही. तिसरी मी अर्ध्यावरच थांबवली. मी परत पहिलीपासून बघायला लागले, या वेळी फळा सोडून बाकी सगळं. वहीत टिंबं देत गेले. सोळातल्या बारा क्लिपांत शिक्षकच नव्हते.

चूक फळ्यावर राहिली होती कारण ती पुसायलाच कोणी नव्हतं. निकाल कमी लागला होता कारण शिकवायलाच कोणी नव्हतं. आणि यंत्राने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बघून नियम केला होता, की फळ्यावरची चूक वाईट. हा तर माझ्या कुल्फीचाच प्रकार. एवढं मोठं यंत्र, आणि ढ पोटासारखं.

पप्पा टॉवेलने डोकं पुसत आले. मी टॅब त्यांच्यापुढे धरला. “ही शेळी बघा.”

“माझा टॅब घेतलास?”

“शेळी बघा आधी.”

त्यांनी बघितली. हसले. मग हसू थांबलं. त्यांनी क्लिप मागे नेली, खिडकीचा फुटलेला तुकडा मोठा करून बघितला. “हा नांदखेडचा वर्ग आहे.”

“सर कुठायत पण?”

तेवढ्यात मम्मी ड्यूटीवरून आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, युनिफॉर्मवरच आमच्या मागे उभी राहून बघायला लागली.

“पप्पा, सर कुठायत?”

“पशुगणनेला,” ते म्हणाले. “त्या महिन्यात पशुगणना होती. अकरा शाळांचे शिक्षक गेले होते. त्याआधी मतदार याद्या.”

“म्हणजे सर शेळ्या मोजायला गेले,” मम्मी म्हणाली, “आणि शेळी इथे आली.”

“विनोद करू नकोस, सरोज.”

“मी कुठे केला? यादी तुम्हीच काढता ना कुणी कुठे जायचं ती.”

पप्पा दिवाणावर बसले. टॅब उलटा करून मांडीवर ठेवला, जसा काही तो त्यांच्याकडे बघत होता. मी म्हटलं, “वर कळवा ना. यंत्र चुकलंय.”

“चाळीस हजार तास आहेत, बेटा. तुझ्या सोळा क्लिपांनी काय होतं? आणि निकाल वाढले की नाही? तुझ्याच वर्गाचे वाढले.”

“आणि मॅडम? त्या बेसिनमध्ये ओकतात, पप्पा. शेंगदाण्यांसकट. मी धुतलं ते.”

“होतं काहींना. थोडी संवेदनशील प्रकृती असते.” हे वाक्य त्यांचं नव्हतं. माहितीपत्रकातलं होतं, पान चार. माझ्या पप्पांच्या तोंडून पान चार बाहेर पडलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यासाठी मी उठून मम्मीच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

मम्मी हात धूत होती, कोपरापर्यंत, ती तसेच धुते. मी विचारलं, “एकदा पोटात बसलेलं परत निघतं का गं?”

“निघत नाही. पण त्याच्यावर दुसरं बसवता येतं.” ती केमोथेरपीच्या वॉर्डात होती तेव्हाचं सांगायला लागली. सात-आठ वर्षांचा एक मुलगा. औषधाच्या दिवशी शिरा खाल्ला होता, औषधाने उलट्या झाल्या, आणि नंतर शिऱ्याचं नाव काढलं तरी ओकायचा. त्याला तर शिरा फार आवडायचा. “मग आम्ही आठ दिवस नुसती रिकामी वाटी ठेवली त्याच्यासमोर. मग लांब कोपऱ्यात चमचाभर शिरा. तो ओकला, आम्ही पुसलं, परत ठेवला. काही वाईट होत नाही, हे पोटाला रोज दाखवायचं. दोन महिने लागले. घाई केली की फसतं, आणि मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही.”

“शेवटी खाल्ला?”

“अर्धी वाटी. आणि उरलेला मला भरवला.”

शनिवारी मी शाळेत मुक्कामी फळ्यावरचं वर्तमानपत्र एका कोपऱ्यातून जरासं सोलून बघितलं. खाली शेवटची चूक अजून होती, मिसबाहची, दिवाळीच्या आधीची. तिच्याखाली मॅडमच्या अक्षरात, ‘वा, शनिवारी यावर बोलू’. तो शनिवार आलाच नाही. मी कागद परत चिकटवला, कारण कॅमेरा वर लाल दिवा लावून बसला होता. फळ्यावर चूक दिसून तीन मिनिटं झाली की तो ओरडतो.

“काय करतेस?” नियती.

“विचार.”

“मग पैज जिंकलीस म्हणायची का?”

“जिंकले. पण बक्षीस काय होतं ते आपण ठरवलंच नव्हतं.”

रविवारी सकाळी मी सायकल घेऊन मॅडमच्या घरी गेले. केळीच्या बागा संपतात तिथे त्यांचं घर आहे. अर्धा तास बोलले. त्या आधी नाही म्हणाल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, पहिली कुठली चूक लिहिशील? मी सांगितलं. त्यांनी रुमाल नाकाशी नेला. पण मान हलवली ती होकाराची.

परत आले तेव्हा जेवणं चालली होती. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. फॉर्म फ्रीजवरून ताटाशेजारी आला होता, त्यावर पेन. पप्पांचं पेन, सहीचं, जे ते मला कधी हात लावू देत नाहीत.

मी बसले नाही. उभ्याउभ्याच बोलले, शनिवारी मुक्कामी चुकीवर बोलायचे तशी.

“पप्पा, मम्मी, मी सही करणार नाही.”

पप्पांनी घास खाली ठेवला. “शर्वी, सोमवारी माझीच मुलगी नाही म्हणाली तर तालुक्यातल्या आईबापांना मी काय सांगू?”

“सांगा, तिने क्लिपा मोजल्या. सोळातल्या बारा.”

“आणि बोर्डाची परीक्षा? दीड-दोन महिने राहिले. एका चिन्हाच्या चुकीने गुण जातात.”

“जातील. मला चूक करून बघता आली पाहिजे, पप्पा. नाहीतर मला येतात तेवढीच गणितं मी जन्मभर सोडवत बसेन. मॅडमसारखी. मॅडमचं तसं झालंय, आणि त्यांना माहितीय तसं झालंय, हे सगळ्यात घाण आहे.”

पप्पा फॉर्मकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ती यादी मी काढली नसती तर दुसऱ्या कोणीतरी काढली असती.”

“मी कुठे काही म्हणाले?”

मम्मीने मला भाकरी वाढली, मी उभीच होते तरी. “अजून काहीतरी आहे. हिचं अजून संपलेलं नाही.”

“हो. उद्यापासून रोज पाच वाजता झांबरे मॅडम आपल्याकडे येणार. शाळेत कॅमेरा ओरडतो, त्यांच्या घरी सासूबाईंना त्रास होतो. आपल्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी जागा आहे. तिथे मी भिंतीवर एक चूक लिहिणार आहे. पहिल्या दिवशी मुंगीएवढी, आणि मॅडम पार दारात बसतील. मग रोज अक्षर थोडं मोठं, खुर्ची थोडी जवळ. ती चूक कुणी पुसायची नाही. पाहुणे आले तरी नाही. पप्पा, तुमचे साहेब आले तरी नाही.”

“माझ्या घरात?” पप्पा म्हणाले. “अभियान मी चालवतो, आणि माझ्या हॉलमध्ये?”

“हो. दोन महिने लागतील, एकही दिवस चुकवायचा नाही. मम्मीला माहितीय.”

पप्पांनी मम्मीकडे बघितलं. मम्मी भरिताकडे बघत होती. मग पप्पांनी ताटाशेजारचं पेन उचललं, टोपण लावलं आणि खिशात टाकलं. फॉर्म तसाच राहिला, त्यावर भरिताच्या तेलाचा एक डाग उमटला होता आणि तो हळूहळू पसरत होता.

“आणि त्यांना उलटी झाली म्हणजे?” मम्मीने विचारलं.

“होणारच,” मी म्हटलं. “तुझी ती निळी झाकणाची बादली मला दे. बादली मी धुईन.”